नंबर जुना, अंग नवे

बंगळुरूतल्या पीण्या, बोम्मसंद्रा आणि म्हैसूर रोडवरच्या कारखान्यांतून रोज आतल्या कपड्यांचे खोकेच्या खोके भरून बाहेर पडतात. १९९५ पासून भारतात जॉकीचे कपडे बनवणारी पेज इंडस्ट्रीज इथलीच. एनॅमोर हे नाव इथल्याच कापड उद्योगातून पुढे आले. २०११ मध्ये रिचा कर यांनी अंतर्वस्त्रे विकणारी झिवामे सुरू केली तीही इथूनच. बायका संकोचामुळे चुकीच्या मापाची ब्रा घेतात, हे त्यांनी हेरले होते. मुलगी ब्रा विकते हे मैत्रिणींना कसे सांगू, असा प्रश्न त्यांच्या आईला सुरुवातीला पडला होता, असे त्यांनीच पुढे मुलाखतींत सांगितले आहे. देशाला ब्रा पुरवणाऱ्या या शहरातल्या साठीच्या पुढच्या किती तरी बायका मात्र दुकानात जाऊन आजही लग्नाच्या वेळचाच नंबर सांगतात. चौतीस, पांढरी, सुती.

हा नंबर तुम्हाला कोणी सांगितला, असे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकीला विचारते. उत्तर बहुधा एकच असते. पहिली ब्रा आईने किंवा वहिनीने अंदाजाने आणली, ती जेमतेम बसली, आणि तिच्यावर छापलेला आकडा जन्मभर आपला झाला. टेप कोणी लावलीच नव्हती. म्हणजे वयाबरोबर माप बदलले ही गोष्ट नंतरची. मुळात माप घेतलेच गेले नव्हते. ही पुस्तिका लिहिण्याचे कारण तेच आहे.

कारखान्याच्या पॅटर्न विभागात माझी नोकरी झाली आणि नोकरी संपल्यावर मी ओळखीच्या बायकांची मापे घेऊ लागले. येणाऱ्यांत दोन तऱ्हा आहेत. मुलगा-सून आयटीत, म्हणून नातवंडांसाठी पुणे, नाशिक, साताऱ्याहून येऊन व्हाइटफील्डला किंवा सर्जापूर रोडला राहिलेल्या आज्या ही एक. दुसरी तऱ्हा इथेच मुरलेल्यांची. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हापासून या गावात मराठी घरे आहेत. जुन्या पेठेतल्या भावसार आणि नामदेव शिंपी कुटुंबांची मराठी आता कानडीच्या चालीवर चालते. पहिलीला दुकानात काय हवे ते सांगायला भाषा नसते. दुसरीला चार भाषा येतात, पण या विषयासाठी तिने त्यांतली एकही वापरलेली नसते.

आता अंगाकडे येऊ. स्तनात दुधाच्या ग्रंथी, त्यांना धरून ठेवणारे तंतू आणि चरबी असते. पाळी जाण्याच्या सुमारास ग्रंथी आकसतात आणि त्यांची जागा चरबी घेते. त्वचेचा ताण कमी होतो. आतून आधार देणाऱ्या तंतूंना कूपरचे अस्थिबंध म्हणतात. अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदाने एकोणिसाव्या शतकात त्यांचे वर्णन केले. तेही सैल पडत जातात. भरीवपणा वरून खाली आणि थोडा काखेकडे सरकतो. एवढे बहुतेकींना ठाऊक असते. ठाऊक नसते ते बाकीच्या अंगाचे. पाठीवर आणि कमरेवर वजन चढते. पाठीचा कणा थोडा वाकतो, उंची कमी होते, आणि खांद्यापासून छातीपर्यंतचे अंतर बदलते. खांदे उतरते होतात, पट्ट्या घसरतात. खांदा आखडलेला असेल तर हात मागे नेऊन हूक लावणे हीच रोजची परीक्षा होते. त्वचा पातळ होते, त्यामुळे पूर्वी न टोचणारी शिवण आता टोचते. पाळी जाण्याच्या काळात अंगातून वाफा येतात, घाम साठतो, आणि स्तनाखालच्या घडीत लाल होऊन खाज सुटते. तिथे बुरशीचा संसर्गही होतो. त्याला औषध लागते, पावडर थापून तो जात नाही. काहींचे स्तन या वयात लहान होतात, काहींचे मोठे. दोन्ही स्वाभाविक आहे.

स्तन उतरल्याचा दोष बायका स्वतःच्या वागण्याला देतात, आणि ते ऐकून मला वाईट वाटते. मुलांना जास्त दिवस पाजले म्हणून असे झाले, ही समजूत सर्वांत घट्ट. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातील प्लास्टिक सर्जन ब्रायन रिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या प्रश्नाचा अभ्यास मांडला. वय, गर्भारपणांची संख्या, वजन, मुळातला मोठा आकार आणि धूम्रपान यांचा संबंध दिसला. अंगावर पाजण्याचा दिसला नाही. ज्या आईने लेकराला दोन वर्षे पाजले तिने स्वतःचे काहीही बिघडवलेले नाही. घट्ट ब्रामुळे कर्करोग होतो, ही दुसरी भीती. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्राने २०१४ मध्ये पाळी गेलेल्या दीड हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासली. ब्रा किती तास घातली, कोणत्या वयात घालायला सुरुवात केली, तार होती की नव्हती, यांपैकी कशाचाही संबंध आढळला नाही.

मग नवी ब्रा घेतली तरी बसत का नाही? इथे मला कारखान्यातले बोलले पाहिजे, कारण ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही.

ब्राचा मूळ नमुना सहसा एकाच मापावर तयार होतो, बहुधा ३४ बी. तो एका फिट मॉडेलच्या अंगावर बसवून पाहतात. ही मॉडेल जवळजवळ नेहमीच तरुण असते. तिच्या अंगावर कप वरपर्यंत भरतो, मधला जोड छातीच्या हाडावर सपाट टेकतो, सगळे जागच्या जागी बसते. मग त्या नमुन्याचे ग्रेडिंग होते, म्हणजे ठरावीक प्रमाणात तो वाढवत ३६, ३८, ४० केला जातो आणि बी चा सी, डी. एका ब्राला वीस-पंचवीसहून अधिक सुटे भाग असतात, आणि प्रत्येक भाग याच हिशेबाने मोठा होतो. म्हणून दुकानातली ४० डी ही तरुण अंगाचीच मोठी केलेली प्रत असते. साठीचे अंग हे तरुण अंग मोठे करून मिळत नाही. त्याचा आकार निराळा आहे. वरचा भाग रिता, खालचा भरलेला, पाया रुंद. अशा अंगावर वरून उंच कप असलेली ब्रा घातली की वर कापडाला चुण्या पडतात. बाईला वाटते कप मोठा झाला, म्हणून ती लहान कप घेते, आणि मग खालून व बाजूने अंग बाहेर येते. ती पुन्हा नंबर बदलते. नंबर बरोबर असूनही घाट चुकलेला असतो, हे तिला कळायला मार्गच नाही. या पुस्तिकेतले सर्वांत मोठे प्रकरण घाटावर आहे, मापावर नाही, ते याचसाठी.

कपांना अक्षरे देण्याची रीतही फार जुनी नाही. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब यांनी १९१४ मध्ये दोन रुमाल आणि फितीपासून सुचलेल्या ब्राचे पेटंट घेतले, तेव्हा कप हा प्रकारच नव्हता. १९३२ मध्ये एस. एच. कॅम्प या अमेरिकन कंपनीने ए ते डी अशी चार अक्षरे वापरात आणली. नव्वद वर्षे उलटली, पण आपल्याकडच्या बऱ्याच गल्लीतल्या दुकानांत अजून बी आणि सी च्या पुढचे खोके नसतात.

त्याचा परिणाम अंगावर असा दिसतो. एखादी ३८ बी घालते आणि तक्रार खांदेदुखीची करते. माप घेतले की ३४ डी निघते. कपाची खोली दोन्हींत सारखीच आहे. फरक पट्ट्याचा, चार इंचांचा. मोठा कप दुकानात मिळाला नाही म्हणून ती वर्षानुवर्षे पट्टा वाढवत गेली. पट्टा सैल, म्हणून तो पाठीवर वर चढतो. तो वर चढला की पुढचे वजन सगळे खांद्यांवर येते आणि तिथे खाचा पडतात. त्या खाचांना बायका वयाच्या खुणा समजतात. आधार द्यायचा असतो छातीखालच्या पट्ट्याने. खांद्याच्या पट्ट्यांचे काम कप जागेवर ठेवण्यापुरतेच.

आकड्यांबद्दल आणखी एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर गोंधळ होतो. काही कंपन्या छातीखालच्या घेरात चार-पाच इंच मिळवून नंबर काढतात, काही तोच घेर नंबर म्हणून धरतात. त्यामुळे छातीखाली तीस इंच भरणारी बाई एका तक्त्यात ३० असते आणि दुसऱ्यात ३४. आपला नंबर असा काही नसतो. आपली मापे असतात, आणि त्या-त्या कंपनीच्या तक्त्यात त्यांचा नंबर शोधायचा असतो. मापेही दोनच. छातीखालचा घेर श्वास सोडून, टेप पाठीवर सरळ ठेवून घ्यायचा. छातीचे माप मात्र सरळ उभे राहून घेतले तर मऊ स्तनाचे कमी भरते, म्हणून कमरेत वाकून घ्यायचे. ही वाकून मापण्याची रीत पन्नाशीनंतर सर्वांत उपयोगी पडते, आणि नेमकी तीच कमी जणींना माहीत आहे.

टेपचे आपल्याला वावडे आहे असे मुळीच नाही. मराठी बाई ब्लाउजच्या मापाबाबत किती काटेकोर असते! कटोरी ब्लाउज शिवणारा शिंपी छाती घेतो, छातीखाली घेतो, खांद्यापासून टकपर्यंतचे अंतर घेतो, दोन टकांमधले अंतर घेतो. कप आणि पट्टा वेगळे मापायचे हे शास्त्र त्याला केव्हाचे येते. त्याआधीची आपली खणाची चोळी तर पुढे गाठीने बांधायची. बाळंतपणात अंग वाढले, दुखण्यात वाळले, म्हातारपणी उतरले, तरी गाठ त्याप्रमाणे सैल-घट्ट होई. खण विणणारे गुळेदगुड्ड इथून दूर असले तरी याच राज्यात, बागलकोट जिल्ह्यात आहे. त्या चोळीला ब्रासारखा आधार नव्हता, हे खरे. पण ती अंगाच्या मागे जात होती. हूक आणि छापील नंबर आल्यावर अंगाने कपड्याच्या मागे जायचे, असा उलटा व्यवहार सुरू झाला.

आणि इथेच एक अडचण आहे जी परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. आपले ब्लाउज ब्रावर शिवलेले असतात. पैठणीवरचा, इरकलवरचा, मुलीच्या लग्नातला, सगळे ब्लाउज त्या जुन्या, टोकदार, सुती ब्राच्या घाटावर बेतलेले. नवी, नीट बसणारी ब्रा घातली की छाती दीड-दोन इंच वर येते आणि कपाटातला एकही ब्लाउज बसत नाही. टक भलतीकडे जातो, काखेत ओढते. बाई ती ब्रा दोनदा घालते आणि ठेवून देते. त्यातून शिंप्याकडे जाताना ती अंग नेत नाही, मापाचा ब्लाउज नेते; म्हणजे दहा वर्षांपूर्वीचे अंग घडी करून पिशवीत नेते. ब्रा बदलायची तर ब्लाउजचा खर्च धरूनच बदलायला हवी. रोजच्या वापरातले चार ब्लाउज आधी उसवून घ्यावेत, शिवणीत दाब असेल तर टक हलवता येतो. भारीचे ब्लाउज नंतर. जिथे जमत नाही तिथे त्या साडीपुरती जुन्या घाटाची ब्रा ठेवावी, त्यात काही बिघडत नाही. हा भाग मी पुस्तिकेत सविस्तर लिहिला आहे, आणि तो शिंप्यांनाही वाचायला द्यावा.

दुकानांविषयी. चिकपेटात, जयनगर फोर्थ ब्लॉकला, मल्लेश्वरमला, कमर्शियल स्ट्रीटला दुकानांची उणीव नाही. काही ठिकाणी आता माप घेणाऱ्या मुली आहेत, घालून पाहायला खोली आहे. पण पुष्कळ ठिकाणी अजून काउंटरमागचा माणूस नजरेनेच नंबर ठरवतो, घालून पाहू देत नाही, बदलून देत नाही, आणि खोका कागदात गुंडाळून हातात ठेवतो. मॉलमधली दुकाने यातून सुटलेली आहेत, तर तिथे दुसरी गोष्ट घडते. भिंतीवर सगळ्या विशीतल्या मुली, लेस, पॅड. साठीच्या बाईला आपण चुकीच्या ठिकाणी आलो असे वाटते आणि ती सुनेची वाट पाहत बाहेरच्या बाकावर बसते. दुकानदारांना माझे सांगणे एवढेच आहे की ट्रायल रूममध्ये एक खुर्ची ठेवा. गुडघे दुखणाऱ्या बाईला उभ्याने चार ब्रा घालून पाहता येत नाहीत.

संकोच आपल्याकडे सरकारी पातळीवरही पोचलेला आहे. २०१३ मध्ये मुंबई महापालिकेत दुकानांबाहेर अंतर्वस्त्रे घातलेले पुतळे ठेवू नयेत असा ठराव मंजूर झाला होता. पुतळ्यांवर सभागृह बोलले. जिवंत बायकांना माप घ्यायला जागा हवी, यावर एखादे सभागृह बोलल्याचे माझ्या ऐकिवात नाही. जुलै २०२१ मध्ये अभिनेत्री हेमांगी कवी यांच्या पोळ्या लाटतानाच्या व्हिडिओवर त्यांनी ब्रा घातली नसल्याबद्दल शेरे मारले गेले, तेव्हा त्यांनी फेसबुकवर मोकळेपणाने लिहिले, आणि घराघरात तो विषय झाला. बायकांनी बायकांशी हे बोलावे यासाठी ते लेखन मला महत्त्वाचे वाटते. ब्रा घालायची की नाही हा ज्या-त्या बाईचा प्रश्न आहे. घरी घालत नसाल तर नका घालू. काहीही अपाय होत नाही. पुस्तिका त्यांच्यासाठी आहे ज्यांना घालायची आहे आणि जी घालतात ती बोचते.

एक प्रकरण शस्त्रक्रियेनंतरच्या ब्राविषयी आहे, आणि ते लिहिताना मला सर्वांत जास्त वेळ लागला. बंगळुरूतल्या बायकांत आढळणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग पहिला आहे. इथल्या, १९७३ मध्ये स्थापन झालेल्या किदवई कर्करोग संस्थेत उपचारांसाठी राज्याच्या कानाकोपऱ्यातून, अगदी बेळगाव-निपाणीकडूनही बायका येतात. एक स्तन काढल्यावर त्या बाजूचे वजन जाते. दुसऱ्या बाजूचे राहते, आणि मान, खांदा, पाठ त्या ओढीने दुखू लागतात. रुमालाची घडी किंवा कापूस घालून घाट दिसतो, वजन भरून निघत नाही. शिवाय कापूस वर सरकतो. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हा, वजनदार कृत्रिम स्तन आणि तो बसवायला आतून खिसा असलेली ब्रा घ्यावी. विणलेले, धुता येणारे हलके स्तनही आता मिळतात, आणि ते विणून देणाऱ्या बायका आपल्या देशातही आहेत. नेहमीच्या सुती ब्राला आतून खिसा कोणताही शिंपी लावून देऊ शकतो. त्याचा नमुना पुस्तिकेच्या शेवटी छापला आहे.

आणि जिला काहीच झालेले नाही तिनेही एक लक्षात ठेवावे. दोन्ही बाजू थोड्या लहान-मोठ्या असणे नेहमीचे आहे. मापताना मोठ्या बाजूला बसेल तो कप घ्यायचा. पण नेहमीची ब्रा अचानक एकाच बाजूला घट्ट किंवा सैल होऊ लागली, त्वचेला खळगा पडला, बोंड आत ओढले गेले किंवा गाठ लागली, तर दुकानात न जाता डॉक्टरकडे जावे, त्याच आठवड्यात.

ब्रा शिवणाऱ्या बायकांविषयी दोन शब्द न लिहिता मला ही प्रस्तावना पुरी करता येणार नाही. भविष्यनिर्वाह निधी काढण्यावर नवे निर्बंध आले, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये होसूर रोडवर आणि तुमकूर रोडवर या शहरातल्या शिवणकामगार बायका हजारोंनी उतरल्या आणि केंद्र सरकारने तो नियम मागे घेतला. दिवसभर पट्टे आणि कप जोडणाऱ्या यांच्यातल्या अनेकींच्या अंगावर मी इलॅस्टिक गेलेली, दोनदा शिवलेली ब्रा पाहिली आहे. म्हणून पुस्तिकेत महागड्या ब्रांची शिफारस कुठेही नाही. दोन बऱ्यापैकी ब्रा पाळीपाळीने घालाव्यात, हाताने गार पाण्यात धुवाव्यात, पिळू नयेत, सावलीत वाळवाव्यात. नवी घेताना सर्वांत सैल हुकावर बसते का पाहावे, म्हणजे इलॅस्टिक सैल पडेल तसे पुढचे हूक हाताशी राहतात. हात मागे जात नसेल तर पुढून हुकाची घ्यावी. तार नको असेल तर रुंद पट्ट्याची, बाजूने उंच असलेली बिनतारेची ब्रा बहुतेकींना पुरते.

मापे वर्षातून एकदा घ्यावीत, आणि वजन कमी-जास्त झाले किंवा मोठे आजारपण झाले की पुन्हा. टेप शिवणाच्या डब्यात असतेच. नसेल तर सुतळीने घेर घेऊन फूटपट्टीवर मोजला तरी चालतो. माप घ्यायला सून, लेक, शेजारीण, कोणीही चालेल. एकटीने घ्यायचे तर आरशासमोर कसे घ्यायचे त्याची चित्रे दुसऱ्या प्रकरणात आहेत. ज्यांना इतिहास आणि शरीरशास्त्र नको असेल त्यांनी पहिले प्रकरण सोडून थेट तिथूनच सुरुवात करावी.